आधी मुलाखतीची तारीख, मग विषयांची नोंदणी: कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीचं उलटं गणित

नोंदणी जवळ आली की चर्चा सुरू होते ती ‘या सेमिस्टरला काय काय घेऊ’ इथून. कोणते सर चांगलं शिकवतात, कोणता विषय सोपा जातो, सकाळी आठचा तास कसा टाळायचा. हे सगळं बघावं लागतंच, पण कॉम्प्युटर सायन्समध्ये ते सगळ्यात शेवटी बघायचं. या शाखेत विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, आणि मुलाखतीत विचारतात तो नेमका खालच्या थरातला विषय: डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती साठवायच्या आणि शोधायच्या रचना. तो कोणत्या सेमिस्टरला पूर्ण होतो यावर पहिली चांगली इंटर्नशिप कधी मिळू शकेल हे ठरतं. आणि तो कधी पूर्ण होणार हे पहिल्या वर्षाच्या नोंदणीतच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

म्हणून हिशेब शेवटाकडून मांडायचा. चार वर्षांची, आठ सेमिस्टरची पदवी धरू. सगळ्यात उपयोगाची इंटर्नशिप म्हणजे शेवटच्या वर्षाआधीच्या मोठ्या सुट्टीतली, सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरच्या मधली. कारण पुष्कळ कंपन्या कायमच्या नोकरीसाठी त्याच मुलांकडे आधी बघतात. मोठ्या कंपन्या या जागांसाठीची निवड कित्येक महिने आधी सुरू करतात, म्हणजे पाचवं सेमिस्टर सुरू होताना अर्ज आणि परीक्षा अंगावर येतात. त्याआधी तीन-चार महिने सराव हवा. सराव करायला डेटा स्ट्रक्चर्स शिकून झालेलं हवं. म्हणजे तो विषय तिसऱ्या सेमिस्टरलाच संपायला हवा. त्याआधी प्रोग्रॅमिंगचे एक किंवा दोन विषय लागतात, ते पहिल्या आणि दुसऱ्या सेमिस्टरला. बघता बघता आपण पहिल्या दिवशी येऊन पोचलो. तीन वर्षांच्या पदवीत हेच सगळं दोन सेमिस्टर अलीकडे ओढा. तिथे उशिराला जागाच राहत नाही.

विषयांचा नकाशा काढा

एक मोठा कागद घ्या. पदवीसाठी सक्तीचे सगळे विषय चौकोनांत लिहा आणि प्रत्येक विषयाच्या पूर्वअटीकडून, म्हणजे त्याआधी पूर्ण करावा लागणाऱ्या विषयाकडून, त्या विषयाकडे बाण काढा. विद्यापीठागणिक नावं बदलतात, पण सांगाडा साधारण असाच निघतो: प्रोग्रॅमिंगकडून डेटा स्ट्रक्चर्सकडे, तिथून अल्गोरिदमकडे. डिस्क्रीट मॅथ्सचा एक बाण अल्गोरिदमकडे आणि एक थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनकडे. कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन आणि डेटा स्ट्रक्चर्स मिळून ऑपरेटिंग सिस्टीमकडे, आणि तिथून डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्सकडे. लिनियर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी मिळून मशीन लर्निंगकडे.

आता प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी भरा: हा विषय विषम सेमिस्टरला मिळतो, सम सेमिस्टरला की दोन्हींना, आणि तो लवकरात लवकर व उशिरात उशिरा कोणत्या सेमिस्टरला घेता येईल. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या विषयाला असलेली ढील. जिथे ढील शून्य आहे तो चौकोन लाल करा. लाल विषय वेळेत झालाच पाहिजे. बाकीच्यांना पुढे-मागे सरकवता येतं.

ढील का मोजायची ते एका साखळीवरून कळतं. प्रोग्रॅमिंग एक पहिल्या सेमिस्टरला, प्रोग्रॅमिंग दोन दुसऱ्या, डेटा स्ट्रक्चर्स तिसऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीम चौथ्या आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स पाचव्या. समजा ऑपरेटिंग सिस्टीम फक्त सम सेमिस्टरला आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स फक्त विषम सेमिस्टरला शिकवतात. तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स ‘जरा जड वाटतंय’ म्हणून पुढे ढकललं आणि चौथ्याला घेतलं. त्याच चौथ्या सेमिस्टरला ऑपरेटिंग सिस्टीम मिळणार नाही, कारण पूर्वअट अजून पुरी व्हायची आहे. पुढची संधी थेट सहाव्याला, आणि डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्स सातव्याला. एका सेमिस्टरची सवलत दोन सेमिस्टरला पडली, आणि पाचव्याच्या तोंडावर मुलाखती आल्या तेव्हा डेटा स्ट्रक्चर्सची परीक्षा जेमतेम संपलेली होती, सराव शून्य. या साखळीतला विषय नापास झाला तरी हेच होतं. त्यामुळे साखळीतल्या विषयाला अभ्यासाचा पहिला हक्क, बाकीच्यांना नंतर.

नकाशा काढताना तीन चुका हमखास होतात. पहिली, पूर्वअटीतली किमान श्रेणी न वाचणं. कित्येक ठिकाणी नुसतं पास होऊन भागत नाही, अमुक श्रेणी किंवा त्याहून वरची लागते. विषय सुटला तरी पुढचं दार बंदच राहतं. दुसरी, सहविषय विसरणं. प्रयोगशाळेचा विषय थिअरीसोबतच घ्यावा लागतो आणि एकाची जागा भरली तर दुसरा आपोआप अडतो. तिसरी, नियमांची चुकीची आवृत्ती वाचणं. साधारणपणे तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा अभ्यासक्रम तुम्हाला लागू असतो. वरच्या वर्षाच्या दादाकडून घेतलेली यादी त्याच्यासाठी बरोबर आणि तुमच्यासाठी चुकीची असू शकते.

एका सेमिस्टरचं ओझं

क्रेडिट हे माप सगळीकडे सारखं नाही, म्हणून आधी तुमच्याकडे एक क्रेडिट म्हणजे किती तास ते बघा. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, वर्गातलं आणि घरचं धरून. सेमिस्टरला ३० क्रेडिट म्हणजे ७५० ते ९०० तास. २० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण ३७ ते ४५. म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. दुसऱ्या पद्धतीत क्रेडिट फक्त वर्गातल्या तासांवर मोजतात आणि घरच्या अभ्यासासाठी त्याच्या दुप्पट वेळ धरायला सांगतात.

पण क्रेडिट सारखे असले तरी विषय सारखे नसतात. ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, नेटवर्क्स, कॉम्प्युटर ग्राफिक्स या विषयांत काम डीबगिंगमध्ये, म्हणजे कोडमधल्या चुका शोधण्यात जातं, आणि डीबगिंगला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. गणिताच्या गृहपाठाला सहा तास लागतात म्हणजे साधारण सहाच लागतात. कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला) डेडलॉक, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं, वीस मिनिटांत सापडतो, नाहीतर दोन रात्री खातो. म्हणून असे जास्तीत जास्त दोन विषय एका सेमिस्टरला घ्या. त्यांच्या जोडीला एक गणिताचा, एक लेखन-वाचनाचा. तीन कोडिंगवाले विषय एकत्र घेतले की तिन्हींच्या असाइनमेंट एकाच आठवड्यात पडतात. मागच्या वर्षीचे अभ्यासक्रम-पत्रक मिळवा, तिन्हींच्या तारखा एका कॅलेंडरवर टाका, म्हणजे टक्कर कुठे होणार ते नोंदणीआधीच दिसेल.

ज्या सेमिस्टरला मुलाखती आहेत ते मुद्दाम हलकं ठेवा. कंपनी परीक्षेची वेळ विचारून ठरवत नाही. पाचव्या सेमिस्टरला कंपायलर आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकत्र घेऊन वर अर्ज, चाचण्या, मुलाखती, हे गणित जुळत नाही. यातलं काहीतरी पडतंच, आणि बहुधा सराव पडतो.

नोंदणीच्या आठवड्यात काय करायचं

दोन आठवडे आधी पोर्टलवर लॉगिन करून खात्यावर काही अडकाव तर नाही ना ते बघा. बाकी शुल्क, ग्रंथालयाचं पुस्तक, अपुरं कागदपत्र, सल्लागार प्राध्यापकांची राहिलेली सही: यातलं कोणतंही एक असलं की नोंदणीच्या क्षणी लाल पट्टी येते, आणि ती काढणारं कार्यालय त्या वेळी उघडं असेलच असं नाही. पदवी-पूर्तता अहवाल (कोणते विषय झाले, कोणते उरले ते दाखवणारा) काढता येत असेल तर तोही आताच काढा आणि आपल्या नकाशाशी ताडून बघा. दुसऱ्या कॉलेजातून आणलेले क्रेडिट बरेचदा ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून टाकलेले असतात, मूळ विषयाच्या जागी नसतात. मग तुम्ही तो विषय शिकलेला असूनही प्रणालीला पूर्वअट अपुरी दिसते. हे सुधारून घ्यायला अर्ज, मूळ अभ्यासक्रमाची प्रत आणि विभागाची मंजुरी लागते, आणि त्यात आठवडे जातात.

मग तीन वेळापत्रकं तयार करा. पहिलं मनासारखं. दुसरं असं की सगळ्यात लवकर भरणारा विषय मिळाला नाही तर काय. तिसरं असं की दोन मिळाले नाहीत तर काय. प्रत्येक विषयाचा कोड आणि सेक्शन (तुकडी) क्रमांक साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, ज्या क्रमाने टाकायचे त्या क्रमाने लिहून ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी लाल चौकोनातला विषय, मग कमी जागांचा, मग बाकीचे. बरीच मुलं सोप्या विषयापासून सुरुवात करतात आणि तोवर हवा तो सेक्शन भरून जातो.

पोर्टल सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी लॉगिन करा. अर्धा तास आधी केलं तर सेशन संपून ऐनवेळी बाहेर फेकले जाता. एकाच खात्याने दोन टॅबमधून काम करू नका; एका टॅबमधली निवड दुसरीकडून पुसली जाऊ शकते. विषय ‘यादीत टाकणं’ आणि ‘नोंदणी पक्की करणं’ हे दोन वेगळे टप्पे असतात हे लक्षात असू द्या. दरवर्षी काही विद्यार्थी यादी भरतात, पक्कं करायचं बटण दाबत नाहीत आणि पहिल्या तासाला हजेरीत नाव नाही म्हणून धावतात. पक्कं झाल्यावर आलेल्या पानाची प्रत जपून ठेवा.

वेटलिस्टवर नाव लागलं तर आधी क्रमांक बघा, मग सेक्शन केवढा आहे ते. ८० जणांच्या वर्गात चौथा क्रमांक म्हणजे चांगली आशा. २० जणांच्या प्रयोगशाळेत चौथा क्रमांक म्हणजे दुसरा बेत तयार ठेवा. काही प्रणाल्यांत वेळेची टक्कर असेल किंवा क्रेडिटची कमाल मर्यादा ओलांडली जात असेल, तर तुमचा क्रमांक आला तरी जागा पुढच्याला जाते. त्यामुळे वेटलिस्टच्या वेळेत दुसरा विषय भरून ठेवताना नियम वाचा. आणि जागा मिळेल या आशेवर असताना पहिल्या दिवसापासून वर्गाला बसा. तिसऱ्या आठवड्यात जागा मिळून दोन असाइनमेंट बुडालेल्या असल्या तर ती जागा कामाची नाही.

प्राध्यापकांना परवानगीसाठी लिहायचं असेल तर चार ओळी पुरतात: नाव, नोंदणी क्रमांक, विषयाचा कोड आणि सेक्शन, आणि हा विषय याच सेमिस्टरला का हवा. ‘मला या विषयाची खूप आवड आहे’ यापेक्षा ‘हा विषय फक्त विषम सेमिस्टरला मिळतो आणि माझे दोन सक्तीचे विषय यावर अवलंबून आहेत’ हे वाक्य जास्त वजनाचं.

इलेक्टिव्ह निवडताना

पुढे काय करायचं ते ठरलेलं नसेल तरी ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस आणि नेटवर्क्स हे तीन विषय घ्याच, सक्तीचे नसले तरी. कोणत्याही कंपनीतलं रोजचं काम या तिघांच्या आसपास फिरतं: प्रोसेस का अडकली, क्वेरी का रेंगाळते, रिक्वेस्ट कुठे हरवली. चौथा, ज्याकडे मुलं पाठ फिरवतात तो: तांत्रिक लेखन. डिझाइनचा कागद, कोडमध्ये सापडलेल्या चुकीबद्दलचा अहवाल, बदलाचं वर्णन हे सगळं लिहूनच होतं, आणि ज्याला लिहिता येतं त्याचं म्हणणं ऐकलं जातं.

मशीन लर्निंग घ्यायचं असेल तर लिनियर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी आधी नीट करा. सायबर सिक्युरिटीच्या आधी नेटवर्क्स आणि ऑपरेटिंग सिस्टीम. नावात चलतीचा शब्द आहे म्हणून विषय घेऊ नका. अभ्यासक्रम-पत्रकात असाइनमेंट काय आहेत ते वाचा. जिथे विद्यार्थ्याने काहीतरी स्वतः बांधायचं आहे, म्हणजे छोटी फाइल सिस्टीम, छोटा डेटाबेस, छोटा कंपायलर, तो विषय घ्या.

वर्ग सुरू झाल्यावर

विषय सोडण्याच्या बहुधा दोन तारखा असतात आणि त्यांतला फरक मोठा आहे. पहिल्या तारखेपर्यंत सोडला तर गुणपत्रिकेवर खूणही राहत नाही. दुसऱ्या तारखेपर्यंत सोडला तर माघार घेतल्याची नोंद राहते, पण सरासरीवर सहसा परिणाम होत नाही. त्यानंतर जी श्रेणी मिळेल ती मिळेल. दोन्ही तारखा कॅलेंडरवर टाका, आणि पहिल्या तारखेच्या तीन दिवस आधी स्वतःला विचारा: पहिली असाइनमेंट स्वतःच्या हाताने पूर्ण झाली का? डेटा स्ट्रक्चर्सच्या दुसऱ्या आठवड्यात लिंक्ड लिस्टमधला (एकापुढे एक जोडलेल्या घटकांच्या यादीतला) नोड काढताना पॉइंटर (पुढच्या घटकाचा पत्ता) कुठे जातो हे कागदावर काढता येत नसेल, तर अडचण या विषयात नाही, आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या विषयात आहे. ती लगेच भरून काढा. ट्री आणि ग्राफ या पुढच्या रचना येईपर्यंत थांबलात तर वेळ गेलेली असते.

सोडण्याआधी एकदा क्रेडिट मोजा. शिष्यवृत्ती, वसतिगृह, परदेशात शिकत असाल तर व्हिसा, या सगळ्यांना पूर्णवेळ विद्यार्थी असण्याची किमान क्रेडिट-अट असते. एक विषय सोडून त्या रेषेखाली गेलात तर नुकसान एका विषयापुरतं राहत नाही. ‘फक्त पास-नापास’ हा पर्याय मुख्य शाखेच्या विषयांना बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि पुढच्या विषयाची श्रेणीची अटही त्याने पुरी होत नाही.

वर्गात न शिकवलेल्या चार गोष्टी

कमांड लाइन, गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), डीबगर आणि स्वयंचलित चाचण्या. यांच्यासाठी वेगळा विषय क्वचितच असतो. प्रत्येक प्राध्यापक धरून चालतात की दुसऱ्या कोणी शिकवलं असेल. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत रोज एक तास, सहा आठवडे दिले तर काम चालण्यापुरतं हातात येतं.

गिटमध्ये एक चूक फार महागात पडते. डेटाबेसचा पासवर्ड किंवा क्लाउड सेवेची गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून सार्वजनिक रिपॉझिटरीत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) ढकलली जाते. लक्षात आल्यावर विद्यार्थी ती ओळ खोडतात आणि नवा कमिट (बदलाची नोंद) करतात. ओळ गेली असं वाटतं, पण जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते, आणि असल्या किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम सतत फिरत असतात. आधी ती किल्ली सेवेच्या पानावरून रद्द करा, नवी काढा. इतिहास साफ करणं त्यानंतर. आणि गुप्त गोष्टी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या फाइलचं नाव पहिल्याच कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत टाका.

प्रोजेक्ट आणि रेझ्युमे

धडे बघून केलेल्या पाच प्रोजेक्टपेक्षा स्वतःच्या डोक्याने खोलात नेलेला एक बरा. प्रोजेक्ट पूर्ण झाला हे कसं ओळखायचं? अनोळखी माणसाने तुमची रीडमी फाइल वाचून, तुम्हाला काहीही न विचारता, दहा मिनिटांत तो आपल्या मशीनवर चालवून दाखवला पाहिजे. त्यासाठी रीडमीत काय करतो, काय आधी बसवावं लागतं, चालवण्याच्या नेमक्या आज्ञा, एक नमुना उत्तर आणि अजून काय जमत नाही, एवढं हवं. मित्राच्या मशीनवर करून बघा. बहुतेक वेळा पहिल्याच आज्ञेला अडतं, कारण तुमच्या मशीनवर कधीतरी बसवलेली एखादी लायब्ररी यादीत लिहायची राहिलेली असते.

रेझ्युमेमधली एक ओळ जवळून बघू. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बनवली. पायथन आणि मायएसक्यूएल वापरलं.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तीच ओळ अशी लिहून बघा: ‘४०,००० पुस्तकांच्या नोंदींवर शोध देणारी वेब सेवा लिहिली; लेखकाच्या रकान्यावर इंडेक्स टाकून एका शोधाचा वेळ ९०० मिलिसेकंदांवरून ४० वर आणला; ६२ स्वयंचलित चाचण्या लिहिल्या.’ काय बांधलं, केवढं, काय सुधारलं, हे आलं. आकडे अर्थात तुम्ही स्वतः मोजलेले हवेत, कारण मुलाखत घेणारा थेट तिथेच बोट ठेवतो. इंडेक्समुळे वेग का वाढला? नवी नोंद घालताना त्याची किंमत काय पडते? नावाच्या मधले काही शब्द टाकून शोधलं तर हाच इंडेक्स चालेल का? उत्तरं अशी: इंडेक्स म्हणजे त्या रकान्याची वेगळी सूची, ती क्रमाने लावलेली असल्यामुळे सगळा तक्ता वाचावा लागत नाही, प्रत्येक नव्या नोंदीबरोबर इंडेक्सही बदलावा लागतो, म्हणून लिहिणं थोडं हळू होतं, आणि शोधाची सुरुवातच अज्ञात असेल तर नेहमीचा बी-ट्री इंडेक्स उपयोगी पडत नाही. हे सांगता आलं तर ती एक ओळ पंधरा मिनिटांची मुलाखत तुमच्या मैदानावर खेळवते. सांगता येत नसेल तर ओळ काढून टाका.

बाकी रेझ्युमे एका पानाचा. दोन रकान्यांची मांडणी, फोटो, कौशल्यांचे ठिपके किंवा पट्ट्या टाळा. पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला रकाने उलटसुलट दिसतात. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला सगळा मजकूर निवडा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. तिथे क्रम बिघडला असेल तर सॉफ्टवेअरलाही तो तसाच मिळणार आहे. ‘पायथन तज्ज्ञ’ असले शब्द टाळा. जी भाषा लिहाल तिच्यावर अर्धा तास प्रश्न झेलायची तयारी हवी.

मुलाखतीचा सराव

कोडिंगची मुलाखत बहुधा ४५ मिनिटांची. पाच मिनिटं ओळख, शेवटची पाच तुमच्या प्रश्नांसाठी, म्हणजे हातात ३५. प्रश्न ऐकल्याबरोबर टाइप करायला सुरुवात करणं ही सगळ्यात मोठी चूक. पहिली पाच मिनिटं विचारण्यात घालवा: इनपुट केवढं, रिकामं असू शकतं का, पुनरावृत्ती चालते का, क्रमाने लावलेलं आहे का. मग एक छोटं उदाहरण हाताने सोडवा, साधी पद्धत तोंडी सांगा, तिला किती वेळ लागेल ते सांगा, आणि मगच चांगली पद्धत.

इनपुटच्या आकारावरून पद्धतीचा अंदाज बांधता येतो. सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रिया असं ढोबळ माप धरा. एन म्हणजे इनपुटमधल्या घटकांची संख्या. एन २० पर्यंत असेल तर सगळे उपसंच तपासता येतात, ते दहा लाखांच्या थोडेच वर भरतात. एन काही हजारांत असेल तर एनच्या वर्गाची पद्धत चालते. एन एक लाख झाला की एनचा वर्ग म्हणजे एक हजार कोटी क्रिया, शंभर सेकंद. तिथे सॉर्टिंग, हॅशिंग, हीप किंवा दोन पॉइंटर असलं काहीतरी लागणार हे प्रश्न सोडवायच्या आधीच कळतं.

बारकावे कुठे लपतात याचा नमुना म्हणजे बायनरी सर्च: क्रमाने लावलेल्या ॲरेमध्ये (यादीत) दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं. मधली जागा काढायला दोन टोकं मिळवून दोनने भागायचं, एवढंच सगळे लिहितात. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ याच्या पुढे जागा नाही. ॲरे फार मोठा असला तर बेरीजच त्यापुढे जाते, उत्तर ऋण होतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. ही चूक जावाच्या प्रमाणित लायब्ररीत कित्येक वर्षं होती आणि २००६ मध्ये जाहीर झाली. उपाय सोपा: डाव्या टोकात, दोन्ही टोकांमधल्या फरकाचा अर्धा भाग मिळवा. मुलाखतीत हे स्वतःहून सांगितलंत तर लक्षात राहता.

सरावाचं प्रमाण विचाराल तर रोज एक नवा प्रश्न आणि एक जुना, तीन-चार महिने. नव्या प्रश्नाला ३५ मिनिटं द्या. सुटला नाही तर उत्तर वाचा, पण त्याच दिवशी ते बंद करून स्वतः लिहा. वहीत एकच ओळ नोंदवा: मी नेमका कुठे अडलो. सात दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर. उत्तरं पाहून ‘कळलं’ असं वाटलेले निम्मे प्रश्न इथे पुन्हा अडतात, म्हणून हा दुसरा फेरा चुकवू नका. आठवड्यातून एकदा मित्रासमोर मोठ्याने बोलत सोडवा. एकट्याने शांतपणे सोडवणाऱ्या हुशार मुलांची मुलाखतीत जीभ अडखळते, आणि समोरच्याला तुमच्या डोक्यातला विचार ऐकूच येत नाही.

अर्जांसाठी एक तक्ता ठेवा: कंपनी, जागा, अर्जाची तारीख, कोणता रेझ्युमे पाठवला, पुढची पायरी. पुष्कळ जागा मुदतीआधीच भरतात, म्हणून जाहिरात निघाल्यावर पहिल्या आठवड्यात अर्ज करा. पुढे संशोधनाकडे किंवा पदव्युत्तर शिक्षणाकडे जायचं असेल तर शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना किमान सहा आठवडे आधी विचारा, आणि सोबत गुणपत्रिका, रेझ्युमे, त्यांच्या विषयात तुम्ही काय केलं याच्या पाच ओळी आणि प्रत्येक ठिकाणची अंतिम तारीख द्या. दोनशेच्या वर्गातल्या प्राध्यापकांना तुमची फक्त श्रेणी माहीत असते. म्हणून चौथ्या-पाचव्या सेमिस्टरला निदान एक छोटा वर्ग किंवा एक संशोधन-प्रकल्प घ्या, जिथे कोणीतरी तुमचं काम जवळून पाहील.

इंटर्नशिप मिळाली की लगेच दोन गोष्टी करा. तिचे क्रेडिट हवे असतील तर काम सुरू व्हायच्या आधी विभागाकडे नोंद करा. काम झाल्यावर मागच्या तारखेने क्रेडिट सहसा मिळत नाहीत. आणि पुढच्या सेमिस्टरची नोंदणी कोणत्या दिवशी उघडते ते बघा. ती इंटर्नशिपच्या मधल्याच एखाद्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत येऊ शकते. त्या दिवशीची अर्ध्या तासाची मोकळीक वरिष्ठांकडून आधीच मागून ठेवा, आणि विषयांच्या कोडची टेक्स्ट फाइल अशा जागी ठेवा की कॉलेजच्या लॅपटॉपशिवायही उघडता येईल.